किडनीच्या पेशींचं आवरण, त्यातून काय पाझरतं आणि त्यात आपल्या तेलाचा हात किती

१९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोने पांढऱ्या उंदरांना असा आहार दिला की ज्यात साखर होती, दुधातलं शुद्ध केलेलं केसिन होतं, क्षार होते, व्हिटॅमिन्स होती, फक्त फॅट जवळजवळ शून्य. तेव्हा समज असा होता की फॅट म्हणजे नुसती कॅलरी, शरीर साखरेतून हवी तेवढी फॅट बनवून घेतं, मग बाहेरून द्यायची गरजच काय. पण या उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, शेपटीचं टोक सुजून सडायला लागलं, केस गळाले, आणि पुढे लघवीतून रक्त जायला लागलं. मेल्यावर उघडून बघितलं तर किडन्या खराब झालेल्या. अजून एक गोष्ट त्यांनी टिपून ठेवली होती, हे उंदीर पाणी खूप प्यायचे पण लघवी काही त्या मानाने वाढत नव्हती, मग ते पाणी जात होतं कुठे? तर कातडीतून. कातडीची पाणी अडवायची ताकदच गेली होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९३० ला, त्यांनी दाखवलं की लिनोलेइक अॅसिड नावाचं एकच फॅटी अॅसिड थोडंसं दिलं तरी उंदीर सुधारतात. शरीराला लागतं पण शरीर बनवू शकत नाही, ते जेवणातूनच यावं लागतं असं फॅटी अॅसिड असतं हे तेव्हा पक्कं झालं. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण जेवणातली फॅट, पेशीच्या आवरणातून काय आरपार जातं आणि किडनीची तब्येत या तिन्ही गोष्टी इथे एकाच पिंजऱ्यात दिसतात.

आता हल्ली जे व्हिडिओ आणि फॉरवर्ड फिरतात त्यात हे प्रकरण फार सोपं करून सांगितलेलं असतं, अमुक तेल खा म्हणजे किडनीच्या पेशी मऊ राहतात, तमुक तेलाने पेशींची भिंत गळायला लागते वगैरे. त्यात थोडं खरं आहे, पण जेवढं खरं आहे ते वेगळ्याच जागी आहे, आणि ते नीट कळलं तर रोजच्या काही सवयींकडे बघायची नजर बदलते, म्हणून जेवणातल्या तेलाने किडनीतलं पाझरणं खरंच बदलतं का, ते सविस्तर लिहितोय.

आधी हे आवरण म्हणजे काय ते बघू. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार-पाच. हा पापुद्रा फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दोन थरांचा असतो, हे १९२५ मध्ये हॉलंडमध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी रक्तातल्या लाल पेशींवरून मांडलं. प्रत्येक फॉस्फोलिपिडला एक पाणी आवडणारं डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेर, शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. आणि या शेपट्या म्हणजेच फॅटी अॅसिड, आपण तेल, तूप, मासे, दाणे यातून खातो तीच. बहुतेक वेळा एक शेपटी सॅच्युरेटेड असते म्हणजे सरळ, आणि दुसरी अनसॅच्युरेटेड म्हणजे दुहेरी बंधापाशी वाकलेली. मध्ये मध्ये कोलेस्टेरॉल बसलेलं, आणि या सगळ्यात प्रोटीन्स रुतलेली, त्यातली काही पाण्याच्या, काही सोडियमच्या, काही साखरेच्या वाटा असतात.

सरळ आणि वाकड्या शेपटीने काय फरक पडतो ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, त्याच कपाटातलं करडईचं तेल मात्र पातळच राहतं. खोबरेलातली ९० टक्क्यांच्या आसपास फॅटी अॅसिडं सॅच्युरेटेड, सरळ, ती एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, करडईच्या नेहमीच्या जातींच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक, दोन दुहेरी बंधवालं, त्याला घट्ट बसताच येत नाही. आकड्यात सांगायचं तर सुटं पामिटिक अॅसिड ६३ अंशाला वितळतं, ऑलिव्ह आणि शेंगदाणा तेलातलं ओलेइक १३ ते १६ अंशाला, लिनोलेइक उणे ५ ला आणि माशातलं डीएचए तर उणे ४४ च्या आसपास. पेशीच्या आवरणात हेच होतं, वाकड्या शेपट्या वाढल्या की थर सैल पडतो, सरळ शेपट्या आणि कोलेस्टेरॉल वाढलं की थर घट्ट होतो.

आणि थर सैल असेल तर त्यातून जास्त पाझरतं. हे प्रयोगशाळेत नुसत्या लिपिडचे बारीक फुगे करून मोजलेलं आहे, त्यात पेशी नाही, प्रोटीन नाही, काही नाही. शेपटीत दोन किंवा जास्त दुहेरी बंध आले की त्या थरातून पाणी जायचा वेग चांगलाच वाढतो, कोलेस्टेरॉल घातलं की कमी होतो. युरिया, अमोनिया असे छोटे, विद्युतभार नसलेले रेणूसुद्धा याच नियमाने कमीजास्त पाझरतात. सोडियम, पोटॅशियमसारखे भार असलेले आयन मात्र थर कितीही सैल असो, नुसत्या लिपिडमधून जवळपास जातच नाहीत, त्यांना प्रोटीनची वाट लागतेच.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, अरे मग सरळच आहे की, जे तेल खाऊ तसं आवरण आणि जसं आवरण तसं पाझरणं. बहुतेक व्हिडिओ इथेच थांबतात. खरी गंमत किडनीत शिरल्यावर सुरू होते.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतात. लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे बाकीचं सगळं पाणी, आणि त्याच्यासोबत मीठ, साखर, हे किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींमधून परत रक्तात खेचून घेतलं जातं. एकेका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक, प्रत्येक नेफ्रॉनची एक लांब वळणावळणाची नळी, आणि त्या नळीच्या भिंतीला पेशींचा फक्त एक थर. त्या पेशींच्या आवरणातून काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हेच किडनीचं अर्ध्याहून जास्त काम.

नळीच्या सुरुवातीच्या भागात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी परत घेतलं जातं. तिथल्या पेशींच्या आवरणात अॅक्वापोरिन-१ नावाचं प्रोटीन खच्चून भरलेलं असतं, १९९२ च्या सुमारास पीटर अॅग्रे यांनी याचं काम ओळखलं आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशी एक वाट सेकंदाला तीनशे कोटीच्या घरात पाण्याचे रेणू सोडते. आता विचार करा, एवढ्या वाटा उघड्या असताना लिपिडच्या थरातून थेंबभर कमी पाझरलं काय किंवा जास्त पाझरलं काय, या भागाला फार फरक पडत नाही. म्हणजे तेलाने पेशी सैल होऊन पाणी गळतं हा मुद्दा नळीच्या या सगळ्यात कामसू भागाला तरी फारसा लागू होत नाही.

पुढे मात्र एक भाग असा येतो की तिथे लिपिडचा थरच सगळं ठरवतो. नळी किडनीच्या आतल्या भागात खोल उतरते आणि परत वर येते, त्या वर येणाऱ्या जाड भागात पेशी मीठ भराभर बाहेर खेचतात पण पाणी अजिबात सोबत जाऊ देत नाहीत. सूज कमी करायला डॉक्टर फ्युरोसेमाइड देतात ना, ती गोळी याच भागातलं मीठ खेचणं थांबवते. पाणी मागे ठेवून फक्त मीठ काढलं म्हणूनच किडनीच्या गाभ्यात खारटपणा साठतो, रक्ताचं ऑस्मोलॅलिटीचं माप, म्हणजे पाण्यात किती कण विरघळलेत त्याचं माप, २९० च्या आसपास असताना गाभ्यात ते १२०० पर्यंत जातं, आणि त्या खारटपणाच्या जोरावर आपण उन्हातान्हात लघवी घट्ट करून पाणी वाचवतो. इथला थर पाण्याला गळका झाला असता तर ही सगळी व्यवस्थाच कोसळली असती.

१९८९ मध्ये या भागाबद्दल एक गोष्ट कळली ती मला अजूनही थक्क करते. अमोनिया वायू कुठल्याही पेशीच्या आवरणातून आरामात आरपार जातो असं सगळे धरून चालले होते, आणि या भागाच्या पेशींची नळीकडची बाजू तपासली तर अमोनिया आत जातच नव्हता. असं आवरण असू शकतं हेच नवीन होतं.

हे जमतं कसं? तर पेशीच्या दोन बाजू सारख्या नसतात. नळीच्या पोकळीकडची बाजू आणि रक्ताकडची बाजू यांचं लिपिड वेगवेगळं असतं, आणि शेजारशेजारच्या पेशी जिथे एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात ती शिवण बाहेरच्या थरातलं लिपिड इकडून तिकडे सरकू देत नाही. पोकळीकडच्या बाजूच्या बाहेरच्या थरात स्फिंगोलिपिड नावाचा प्रकार भरपूर असतो, ज्याच्या शेपट्या बहुतेक सॅच्युरेटेड आणि लांब, आणि सोबत कोलेस्टेरॉल. हे बरंचसं समजलं ते एका कुत्रीच्या किडनीमुळे. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून पेशी घेऊन वाढवल्या आणि त्या पेशींची वंशावळ आजही जगभरातल्या लॅबमध्ये वाढतेय. लॅबमध्ये या पेशी जाळीवर पसरल्या की एकमेकींना शिवून घेतात, वरची बाजू वेगळी आणि खालची बाजू वेगळी अशी मांडणी करतात, आणि मग वरून किती पाझरलं, खालून किती हे मोजता येतं.

तर माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच, आणि नळीच्या एका भागात आवरण पाण्याला मोकळं तर थोडं पुढे त्याच नळीत पाण्याला बंद. जेवणातलं तेल दोघांनाही सारखंच मिळतं. म्हणजे आवरण कसं ठेवायचं याचा मुख्य निर्णय पेशीचा असतो, आपल्या तेलाच्या डब्याचा नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग खाल्लेल्या फॅटचं होतं काय? बहुतेक जळतं. किडनी हा शरीरातल्या सगळ्यात जास्त ऊर्जा लागणाऱ्या अवयवांपैकी आहे, हृदयातून निघालेल्या रक्तापैकी पाचवा हिस्सा किंवा जास्तच तिकडे जातो, आणि नळीच्या सुरुवातीच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा फॅटी अॅसिड जाळूनच मिळवतात. काही फॅट चरबीत साठते. उरलेला छोटा हिस्सा आवरणात जातो, आणि तिथे सतत अदलाबदल चालू असते, एन्झाइम फॉस्फोलिपिडची एक शेपटी तोडतात आणि दुसरी लावतात, हे विल्यम लँड्स यांनी १९५८ च्या सुमारास दाखवलं. म्हणजे आवरणात कुठली शेपटी बसणार हे पेशी निवडून घेते, पण निवडायला समोर काय आहे ते मात्र जेवणावर ठरतं.

ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठातल्या हलबर्ट यांच्या गटाने २०१२ मध्ये याच्यावर फार छान काम छापलं. उंदरांचे बारा गट, बारा वेगवेगळे आहार, सगळ्यात एकूण फॅट सारखी पण प्रकार वेगळे, कुठे सॅच्युरेटेड जास्त, कुठे ओलेइक जास्त, कुठे ओमेगा-६, कुठे ओमेगा-३ (हे दोन्ही पॉलीअनसॅच्युरेटेडचे, म्हणजे दोन किंवा जास्त दुहेरी बंधवाल्या फॅटी अॅसिडचे प्रकार, वरचं लिनोलेइक ओमेगा-६ मधलं, माशातलं डीएचए ओमेगा-३ मधलं). आणि मग वेगवेगळ्या अवयवांच्या पेशींची आवरणं तपासली. आहारात सॅच्युरेटेडचं प्रमाण कितीतरी पट बदललं तरी आवरणातलं प्रमाण जवळपास जागचं हललं नाही, ओलेइकचंही तसंच, पॉलीअनसॅच्युरेटेडची एकूण बेरीजसुद्धा बऱ्यापैकी तीच राहिली. बदललं काय, तर ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं आपसातलं प्रमाण. ते आहाराप्रमाणे सरकलं, ठळकपणे सरकलं.

म्हणजे शरीर एकूण सैलपणा सांभाळून धरतं. सरळ शेपट्या जास्त आल्या तर दुहेरी बंध घालणारी एन्झाइम आहेत, कोलेस्टेरॉल कमीजास्त करता येतं. पण ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्यात माणसाच्या किंवा उंदराच्या शरीराला एकाचं दुसरं करताच येत नाही, दोन्ही बाहेरूनच येतात, त्यामुळे तिथे आपलं जेवण चालतं.

आणि हे काही आठवड्यात पूर्ण बदलतं असंही नाही. बर यांच्याच लॅबमध्ये ब्राउन नावाच्या एका सहकाऱ्याने स्वतःहून जवळजवळ बिनफॅटचा आहार सहा महिने खाल्ला, तो निकाल १९३८ मध्ये छापला गेला. उंदरांसारखं काहीच झालं नाही, कातडी नीट, किडनी नीट, उलट त्याची जुनी अर्धशिशी थांबली. रक्तातलं लिनोलेइक तेवढं कमी झालं होतं. मोठ्या माणसाच्या चरबीत साठाच एवढा असतो की तो महिनोन्महिने पुरतो. लहान बाळांचं तसं नसतं, पुढे बिनफॅटचं दूध मिळालेल्या बाळांमध्ये आणि नुसत्या सलाइनवर, फॅट न मिळता जगणाऱ्या रुग्णांमध्ये ही कमतरता खरोखर दिसली, आणि म्हणून अशा रुग्णांना शिरेतून फॅटही द्यावी लागते.

आता मूळ प्रश्नाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ बदलल्याने किडनीत काय पाझरतं ते बदलतं का? बदलतं, पण थर सैल झाल्यामुळे कमी आणि दुसऱ्याच रस्त्याने जास्त. आवरणात बसलेलं एक ओमेगा-६ फॅटी अॅसिड आहे, अॅराकिडॉनिक अॅसिड, शरीर ते लिनोलेइकपासून बनवतं, अंडी आणि मटणातूनही मिळतं. किडनीच्या पेशींच्या आवरणात ते भरपूर असतं, गाभ्यातल्या काही पेशींमध्ये तर त्याचे थेंब साठवलेले असतात. गरज पडली की एक एन्झाइम आवरणातून ही शेपटी तोडून काढतं आणि दुसरं एन्झाइम, कॉक्स नावाचं, तिच्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. म्हणजे आवरण ही नुसती भिंत राहत नाही, तिच्यातच निरोपाचा कच्चा माल ठेवलेला असतो.

नळीच्या शेवटच्या भागात याचं काम थेट पाण्याशी येतं. आपल्याला पाणी कमी पडलं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हार्मोन येतं, त्याच्या हुकमाने या भागातल्या पेशी आतमध्ये साठवून ठेवलेल्या अॅक्वापोरिन-२ च्या वाटा आवरणावर आणून बसवतात, आणि मिनिटामिनिटात ते आवरण पाण्याला मोकळं होतं. पाणी परत रक्तात, लघवी कमी आणि घट्ट. प्रोस्टाग्लँडिन ई-२ या हुकमाला आवर घालतं, म्हणजे आवरण पाण्याला फार मोकळं होऊ देत नाही. शिवाय किडनीत रक्त येणारी बारीक शीर उघडी ठेवायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतात, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना. मासे खाल्ल्याने जे ओमेगा-३ येतं, ईपीए, ते याच एन्झाइमपाशी अॅराकिडॉनिकच्या जागी बसतं आणि त्यातून बनणारे निरोप जरा वेगळे आणि बहुतेक वेळा सौम्य असतात. तर जेवणातलं तेल किडनीच्या पाझरण्यावर हात ठेवतं ते मुख्यतः असं, थोडं आडवळणाने.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अंगदुखी, गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी लोक ज्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून रोज घेतात, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, त्या नेमकं हेच कॉक्स एन्झाइम बंद करतात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अॅस्पिरिनबद्दल हे दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. एन्झाइम बंद झालं की किडनीतला प्रोस्टाग्लँडिनचा आवर जातो, पाणी आणि मीठ धरून ठेवलं जातं, पाय सुजतात, बीपी वाढतं, आणि त्यात उन्हात काम करून किंवा जुलाबाने शरीर कोरडं पडलेलं असेल तर किडनीचा रक्तपुरवठाच तुटतो आणि किडनी अचानक बंद पडू शकते. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर ऊसतोड, बांधकाम, शेतीची कामं करून रात्री अंग दुखतं म्हणून रोज गोळी, हे मी आजूबाजूला बघतो तेव्हा फार वाईट वाटतं. कुठलं तेल चांगलं यावर घरात तासभर चर्चा होते आणि तेलापेक्षा कितीतरी पट जोराने त्याच एन्झाइमला हात घालणारी गोळी कुणी मोजतसुद्धा नाही.

मुतखड्याच्या बाबतीत आवरण आणि पाझरणं यांचा संबंध अजून एका अंगाने आला. इटलीत पादोव्हा इथे बाज्जो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये छापलं की ज्यांना परत परत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होतात अशा बऱ्याच लोकांच्या लाल रक्तपेशींच्या आवरणातून ऑक्झलेट नेहमीपेक्षा वेगाने आरपार जातं, आणि हे घराण्यात चालत आलेलं दिसतं. जिवंत माणसाच्या किडनीचा तुकडा कोण देणार, म्हणून लाल पेशी, त्या सुईने सहज मिळतात. पुढे याच गटाला अशा लोकांच्या फॉस्फोलिपिडमध्ये अॅराकिडॉनिक अॅसिड जास्त सापडलं, आणि फिश ऑइल दिल्यावर लघवीतलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट कमी झालेलं दिसलं. याचा अर्थ फिश ऑइलने खडे होत नाहीत असा कुणी काढू नये, मुतखड्याला आजही पहिला उपाय भरपूर पाणी हाच आहे. पण आवरणातली शेपटी बदलली तर वाहतुकीचा वेग बदलतो हे माणसात दिसलं, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

आता आजारी किडनीवर तेल बदलून काय झालं? १९९८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात ब्राउन (हे वेगळे ब्राउन) यांनी किडनीचा बराचसा भाग काढलेल्या कुत्र्यांचे तीन गट केले, एकाला माशाचं तेल, एकाला बैलाची चरबी, एकाला करडईचं तेल, आणि दीड वर्षाहून जास्त काळ बघितलं. माशाच्या तेलवाल्यांची किडनी सगळ्यात चांगली टिकली आणि करडईवाल्यांची सगळ्यात वाईट. हे वाचून करडईच्या पट्ट्यातल्या, सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला धक्का बसणं साहजिक आहे, पण नीट बघा, त्या कुत्र्यांची किडनी आधीच फार थोडी उरली होती आणि आहारातल्या फॅटमध्ये करडईचाच भर होता. आपण भाकरीसोबत भाजीत दोन चमचे तेल खातो ती गोष्ट वेगळी.

माणसात सगळ्यात गाजलेला प्रयोग १९९४ चा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डोनाडिओ यांचा. आयजीए नेफ्रोपॅथी नावाच्या, किडनीची गाळणी बिघडवणाऱ्या आजाराचे १०६ रुग्ण, अर्ध्यांना रोज १२ ग्रॅम फिश ऑइल, अर्ध्यांना ऑलिव्ह ऑइल, दोन वर्षं. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) दीडपट किंवा जास्त वाढलेले रुग्ण फिश ऑइलच्या गटात ६ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के. एवढा फरक बघून सगळे खूश झाले. पण २००६ मध्ये मुलं आणि तरुण रुग्णांवरच्या प्रयोगात असा फायदा आला नाही. आणि २०१९ मध्ये टाइप-२ डायबेटिसच्या १३१२ लोकांवर पाच वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-३ देऊन बघितलं तर किडनीची गाळण्याची क्षमता घसरायचा वेग काही कमी झाला नाही. एक ग्रॅम आणि बारा ग्रॅम यात फरक आहे, आजारही वेगळे आहेत, ते सगळं मान्य. तरी डायबेटिस आहे, किडनी वाचावी म्हणून कॅप्सूल सुरू करतो असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या पाठीशी आज पुरावा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते पैसे शुगर आणि बीपीच्या तपासण्यांवर गेलेले बरे.

आणि ओमेगा-६ म्हणजे वाईट असंही नाही. बर यांचे उंदीर ओमेगा-६ नसल्यामुळेच मेले. त्याच वेळी १९८० च्या दशकात असंही दिसलं की फॅटी अॅसिडची ही कमतरता मुद्दाम घडवली तर उंदरांच्या किडनीच्या गाळणीतल्या दाह करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी कमी होतात. एकच कमतरता एकीकडे किडनी मारते आणि दुसरीकडे दाह कमी करते.

सॅच्युरेटेडबद्दल एक राहिलं. वर म्हटलं की आवरण त्याला फारसं दाद देत नाही, पण हे निरोगी पेशीचं झालं. गाळणी खराब होऊन लघवीतून प्रोटीन जायला लागलं की चित्र बदलतं. रक्तातला अल्ब्युमिन नावाचा प्रोटीनचा रेणू आपल्या अंगावर फॅटी अॅसिडं घेऊन फिरत असतो, गाळणीतून तो निसटला की त्या फॅटी अॅसिडसकट नळीच्या सुरुवातीच्या पेशींवर येऊन पडतो आणि त्या पेशी तो आत ओढून घेतात. लॅबमध्ये या पेशींना पामिटिक अॅसिड जास्त दिलं की पेशीच्या आतली आवरणं ताठ होतात, तिथे प्रोटीन बनवायचं काम बिघडतं आणि पेशी मरायला लागतात, सोबत ओलेइक दिलं तर बऱ्याच वाचतात. म्हणून लघवीत प्रोटीन जाणं हे नुसतं किडनी बिघडल्याचं लक्षण नसून ते पुढे किडनी बिघडवतंही, आणि डॉक्टर प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्यांवर एवढा भर देतात त्यामागे हेही एक कारण आहे.

घरात काय करायचं तर, किडनी चांगली असेल तर तेल फिरवत राहा, शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी जे घरात चालतं ते, पाम तेलातले तळलेले पदार्थ आणि वनस्पती तूप कमी. कोकणात बांगडा-तारली मिळते तिथे आठवड्यातून एक-दोनदा खावी, ओमेगा-३ चा तो सगळ्यात स्वस्त आणि सरळ स्रोत आहे, तळून खाण्यापेक्षा आमटीत किंवा तिखल्यात जास्त चांगला. शाकाहारी घरात जवसाची चटणी, जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, मात्र ते माशातल्यासारखं तयार ईपीए-डीएचए नसतं, शरीर त्यातला थोडाच भाग तसा बदलतं.

किडनीचा आजार आधीच असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर मात्र जवस, तीळ, दाणे चांगले म्हणून वाटीभर खाऊ नका, त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम असतं, किती चालेल ते डाएटिशियनला विचारा. फिश ऑइलची कॅप्सूल घेत असाल आणि सोबत रक्त पातळ करायची गोळी असेल तर दोन्ही पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा, आणि दुखण्याची गोळी घेत असाल तर तिचंही.